जमिनीचा पोत घरच्या घरी कसा ओळखायचा: नाशिकच्या काळ्या, तांबड्या आणि मुरमाड मातीसाठी

मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा रकाने असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पुढे जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. जमिनीचा पोत, म्हणजे तिच्यातल्या जाड-बारीक कणांचं प्रमाण, त्यात नसतो. प्रयोगशाळेतून तो हवा असेल तर वेगळा सांगून मागावा लागतो. ठिबक किती वेळ चालवायचं, पाऊस थांबल्यावर वाफसा कधी येणार, खत एका हप्त्यात द्यायचं की चार हप्त्यांत, हे सगळं मात्र पोतावरच ठरतं. नत्राचा आकडा हंगामागणिक बदलतो. पोत बदलत नाही, निदान जेसीबीने सपाटीकरण केलं नसेल किंवा बाहेरचा गाळ आणून टाकला नसेल तोपर्यंत. एकदा नीट तपासला की काम झालं.

नाशिक जिल्ह्यात पोत रंगावरून ठरवायची सवय आहे आणि तिथेच गडबड होते. काळी म्हणजे भारी, तांबडी म्हणजे हलकी, असा सरसकट हिशोब धरला जातो. सिन्नर-नांदगावकडे वीतभर काळ्या थराखाली लगेच मुरूम लागतो आणि त्या काळ्या थरातही निम्मी भरड असू शकते. उलट इगतपुरी-त्र्यंबककडची तांबडी माती नीट मळली की चांगली चिकट निघते. शिवाय आपण ‘भारी’ म्हणतो त्यात खोली आणि पोत या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. खोल जमीन पोताने मध्यम असू शकते, उथळ जमीन चिकण असू शकते. इथे फक्त पोत पाहायचा आहे, म्हणजे दोन मिलिमीटरपेक्षा बारीक मातीत वाळू, गाळ आणि चिकण कण किती आहेत ते.

कणांची मापं, आणि अहवालातला घोळ

शेतीच्या कामात सध्या सर्रास वापरली जाणारी मापं अशी: २ ते ०.०५ मिमी म्हणजे वाळू, ०.०५ ते ०.००२ मिमी म्हणजे गाळकण, त्याहून बारीक ते चिकण कण. मधल्या कणांना बरेच जण पोयटाही म्हणतात. इथे कणांसाठी गाळ आणि तिन्ही कणांच्या समतोल मिश्रणासाठी पोयटा असे शब्द ठेवले आहेत. दोन मिमीपेक्षा जाड ते खडे. ते पोतात मोजत नाहीत, पण शेतात त्यांच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

दुसरी एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात वाळूची खालची हद्द ०.०२ मिमी धरतात, आणि वाळूचे जाड (२ ते ०.२) आणि बारीक (०.२ ते ०.०२) असे दोन भाग करतात. तुमच्या अहवालात ‘जाड वाळू’ आणि ‘बारीक वाळू’ असे दोन रकाने असतील तर बहुधा ही पद्धत वापरलेली आहे. तीच माती या पद्धतीत जास्त वाळूची आणि कमी गाळाची दिसते. हे आकडे ०.०५ मिमीची हद्द धरणाऱ्या तक्त्यात घातले तर पोताचा वर्ग चुकतो.

बांधकामवाल्यांची मापं आणखी वेगळी. भारतीय मानक १४९८ प्रमाणे वाळू ४.७५ ते ०.०७५ मिमी. धरणाच्या, रस्त्याच्या किंवा पायाच्या कामासाठी केलेला माती-अहवाल हाताशी असेल तर तो शेतीला तसाच्या तसा लावू नका. चिकण कणांची हद्द, ०.००२ मिमी, तिन्हीकडे सारखीच आहे. तेवढा एक आकडा एकमेकांशी ताडून पाहता येतो.

नमुना

हंगामी पिकासाठी वरचा २० सेंमी थर पुरतो. द्राक्ष, डाळिंबासाठी ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंमी असे तीन वेगळे नमुने घ्या. ते एकत्र कालवू नका. खाली मुरूम आणि वर काळी असेल तर दोघांची सरासरी काढून जी माती तयार होते ती शेतात कुठेच नसते.

एकरी ८–१० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची दोन-तीन सेंमी जाडीची काप वरपासून खालपर्यंत सारखी काढा. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा, विहिरीचा काठ, पाण्याचा पाट, सगळं टाळा. उतार, रंग किंवा भेगांचा प्रकार बदलला की नमुना वेगळा. द्राक्षबागेत बोदावरची (वेलींच्या ओळीतल्या उंचवट्यावरची) आणि दोन ओळींमधली माती वेगळी घ्या. बोद भरताना बाहेरची माती किंवा शेणखत आलेलं असतं, त्यामुळे बोदाचा पोत मूळ जमिनीचा असेलच असं नाही.

सगळी माती ताडपत्रीवर पसरून सावलीत वाळवा. मग ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले कालवा, आणि किलोभर राहीपर्यंत हेच करत राहा. काळी माती पूर्ण वाळली की ढेकळं दगडासारखी होतात. म्हणून थोडी दमट असतानाच ती हाताने मोकळी करा.

चाळणी, मुरूम आणि पांढरे खडे

वाळलेली माती लाकडी मोगरीने हलक्या हाताने फोडा. लोखंडी हातोडी नको, कारण मुरमाचे मऊ तुकडे तिने चिरडले जातात आणि भरड माती कागदावर बारीक होते. मग २ मिमी चाळणीतून चाळा. चाळणीच्या दुकानात १० मेशची मागितली तर साधारण तेच छिद्र मिळतं. वर राहिलेल्यातली ढेकळं पुन्हा फोडून चाळा. शेवटी फक्त खडे उरले पाहिजेत. खडे धुऊन, वाळवून वजन करा. किलोभर मातीत ३८० ग्रॅम खडे निघाले तर ती जमीन ३८ टक्के खडकाळ, आणि तिची पाणी धरायची ताकद खालच्या बारीक मातीच्या हिशोबापेक्षा जवळपास तेवढ्याच प्रमाणात कमी.

मुरमाच्या तुकड्यांबद्दल एक निर्णय आधीच घ्यावा लागतो. आपला बेसॉल्ट कुजतो तेव्हा काही तुकडे नखाने चुरडतात, काही चुरडत नाहीत. ओल्या बोटांत दाबून चुरडणारा तुकडा माती धरा, न चुरडणारा खडा धरा. नियम कोणताही घ्या, पण सगळ्या नमुन्यांना एकच लावा.

पांढरे दाणे दिसले की सगळे चुनखडी म्हणून मोकळे होतात. नाशिक परिसरातल्या खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे, चमकदार स्फटिक भरपूर सापडतात, आणि तेच तुटून मुरमात येतात. फरक ओळखायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब पुरे. घरात फरशी धुण्याचं अ‍ॅसिड असेल तर ते चालतं, पण ते पाण्यात ओतायचं, पाणी त्यात नाही, आणि हातमोजे, चष्मा हवाच. एक भाग अ‍ॅसिडला नऊ भाग पाणी. चुनखडीवर लगेच बुडबुडे फसफसतात, झिओलाइटवर येत नाहीत. हा थेंब बारीक मातीवरही टाकून पाहा. माती जोरात फसफसली तर तिच्यात मुक्त चुना भरपूर आहे, आणि त्याचे परिणाम पुढच्या दोन्ही तपासण्यांवर होतात.

पिठाच्या चाळणीने कोरडी माती चाळून ‘वर राहिली ती वाळू’ असं मात्र ठरवू नका. काळ्या मातीचे घट्ट दाणे चाळणीवर वाळूसारखेच राहतात. त्या हिशोबाने निफाडची भारी काळी जमीनसुद्धा रेताड ठरेल.

हाताने मळून: पट्टीची चाचणी

सगळ्यात उपयोगी तपासणी ही आहे आणि तिला खर्च शून्य. वेळ मात्र द्यावा लागतो.

चाळलेली २५ ग्रॅम माती तळहातावर घ्या. ड्रॉपरने किंवा बाटलीच्या झाकणाला भोक पाडून थेंब थेंब पाणी टाकत मळा. भारी काळ्या मातीला १० मिलीच्या आसपास पाणी लागतं, भरड मातीला चार-पाच मिलीत काम होतं. पाणी एकदम ओतलं की वरचा थर चिखल होतो आणि आतली ढेकूळ कोरडीच राहते. मळताना एकही दाणा कोरडा राहता कामा नये. साध्या मातीला दोन मिनिटं पुरतात, काळीला पाच, आणि घाटमाथ्याकडच्या तांबडीला त्याहून जास्त. तांबड्या मातीत लोहाच्या ऑक्साइडने चिकण कण एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे सुरुवातीला ती रवाळ लागते. मळत राहिलं की ते बंध सुटतात आणि ती चिकट व्हायला लागते. अर्धवट मळून सोडलेली तांबडी माती दरवेळी वालुकामय निघते.

गोळा तळहाताला जेमतेम चिकटेल, पण हातावर लगदा राहणार नाही, इतका ओला हवा. गोळा दाबला आणि फुटला तर वाळू. गोळा होतो पण पट्टी मुळीच होत नाही, तर पोयट्याचा अंश असलेली वाळू. गोळा टिकला तर पुढे जा.

गोळा अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या पेराच्या बाजूवर ठेवा आणि अंगठ्याने पुढे ढकलत साधारण ३ मिमी जाड, दीड-दोन सेंमी रुंद पट्टी काढा. ओढायची नाही, ढकलायची. पट्टी बोटावरून खाली लोंबू द्या आणि स्वतःच्या वजनाने तुटेल तेव्हा तिची लांबी मोजपट्टीवर मोजा. तीनदा करा, सरासरी घ्या.

२.५ सेंमीच्या आत तुटली: पोयट्याचा गट, चिकण कण साधारण २७ टक्क्यांच्या आत.
२.५ ते ५ सेंमी: चिकण पोयट्याचा गट, २७ ते ४०.
५ सेंमीच्या पुढे: चिकणमाती, ४० च्या वर.

आता त्याच गोळ्यातली चिमूटभर माती तळहातावर भरपूर पाणी घालून पातळ करा आणि तर्जनीने घासा. खरखर स्पष्ट जाणवली तर नावापुढे ‘वालुकामय’ लागतं. अगदी गुळगुळीत, मैद्यासारखी वाटली तर गाळ जास्त. दोन्हीपैकी काहीच ठळक नसेल तर नाव साधंच ठेवा: पोयटा, चिकण पोयटा, चिकणमाती. खरखर जाणवते की नाही हे कळत नसेल तर माती दोन नखांमध्ये कानाजवळ घासा. वाळू ऐकू येते. जुने लोक दाताखाली धरून सांगतात. फवारणीच्या बागेतली माती तोंडात घालू नका.

पट्टी चुकते कुठे? पाणी जास्त झालं की पट्टी स्वतःच्या वजनाने लवकर तुटते आणि भारी माती मध्यम निघते. पाणी कमी असेल तर कडेला भेगा पडून तुटते, परिणाम तोच. दोन्ही वेळा लांबी कमीच येते, जास्त कधीच नाही. म्हणून तीन पट्ट्यांत एक बरीच लांब आणि दोन आखूड आल्या तर लांब पट्टीवर विश्वास ठेवा आणि ओलावा सुधारून पुन्हा करा. दुसरी चूक मातीच्या जातीची. काळ्या मातीतले चिकण कण फुगणाऱ्या जातीचे, म्हणजे स्मेक्टाइट गटातले असतात. ते थोडे असले तरी पट्टी लांब येते. काळीत पट्टी जेमतेम साडेपाच सेंमी आली तर चिकण कण ४० नाही तर ३५–३८ असू शकतात. तांबडीत उलट होतं, चार सेंमी पट्टीची माती प्रत्यक्षात ४० च्या आसपास असू शकते.

संशय राहिला तर वळी करून पाहा. गोळ्याची ३ मिमी जाड, १० सेंमी लांब वळी लाटा आणि तिची बांगडी वळा. वळीच होत नाही, तर हलकी. वळी होते पण वाकवताना तुटते, तर पोयटा. बांगडीला बाहेरून चिरा पडतात, तर चिकण पोयटा. एकही चीर नाही, तर चिकणमाती.

गाळ आणि चिकण यांच्यात गोंधळ नदीकाठच्या मळईत जास्त होतो. गोदावरी, दारणा, कादवेच्या काठची माती गुळगुळीत लागते म्हणून चिकण समजली जाते. तिथे दोन झटपट खुणा आहेत. ओल्या गोळ्याच्या सपाट बाजूवर नख फिरवा. चकाकी आली तर चिकण, रेघ मातकट राहिली तर गाळ. दुसरी खूण: सैलसर ओली चकती तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने मनगटाला टपल्या मारा. पृष्ठभागावर पाणी चमकलं आणि चकती बोटांनी दाबताच ते आत गेलं तर गाळ आणि बारीक वाळू. चिकणमाती टपल्यांना दाद देत नाही.

वाळू वजनाने मोजा

हाताने चिकणपणा बरा कळतो, पण वाळू २० टक्के की ३५ हे सांगता येत नाही. वाळू मात्र घरी बऱ्यापैकी अचूक मोजता येते, कारण ती पाण्यात झपाट्याने बसते. ०.०५ मिमीचा कण २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० सेंमी खाली यायला साधारण ४६ सेकंद घेतो. ३० अंशाला पाणी पातळ होतं, तेव्हा ३७ सेकंद. डिसेंबरातल्या सकाळी टाकीचं पाणी १५ अंशावर असेल तर ५२. थर्मामीटर पाण्यात बुडवून वेळ ठरवा.

लागणारं साहित्य: ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, सरळ उभ्या कडांची लिटरभराची काचेची किंवा प्लास्टिकची बरणी, मोबाईलचं घड्याळ, बादली आणि मातीचे गठ्ठे सुटे करणारं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट. हे प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात मिळतं. नसेल तर धुण्याचा सोडा सपाट चमचाभर. फेसाळ साबण टाळा, फेसात पाणी स्वच्छ झालं की नाही ते दिसत नाही.

चाळलेली, नीट वाळलेली ५० ग्रॅम माती घ्या. पाव लिटर पाण्यात ५ ग्रॅम हेक्झामेटाफॉस्फेट विरघळवून त्यात ती रात्रभर भिजत घाला. सकाळी बाटलीत भरून १५ मिनिटं जोरजोरात हलवा, किंवा जुन्या मिक्सरमधून पाच मिनिटं फिरवा. स्वयंपाकाचा मिक्सर नको, पाती बोथट होतात. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया. आपल्या मातीतला चुना आणि कॅल्शियम चिकण कणांचे गठ्ठे करून ठेवतात. ते गठ्ठे वाळूच्या वेगाने तळाला जातात आणि वाळू फुगून दिसते.

मिश्रण बरणीत ओता, तळापासून बरोबर १० सेंमीच्या खुणेपर्यंत पाणी भरा, ढवळा, फिरणं थांबवा, आणि ४६ सेकंदांनी (किंवा तापमानाप्रमाणे) वरचं गढूळ पाणी एका दमात बादलीत ओता. तळाचं हलू देऊ नका. पुन्हा १० सेंमी पाणी, पुन्हा ढवळणं, पुन्हा तेवढाच वेळ. ठरलेल्या वेळेला वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहा. भारी मातीला आठ-दहा फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत वाळूबरोबर बराच गाळ खाली दबून राहतो, त्यामुळे एका फेरीवर थांबलं तर आकडा हमखास जास्त येतो. शेवटी बादलीच्या तळाला बोट लावा. खरखर लागली तर ओतताना वाळू गेली.

उरलेली वाळू ताटलीत काढून मंद आचेवर कोरडी करा, गार होऊ द्या आणि तोला. ५० ग्रॅममध्ये ११.५ ग्रॅम निघाली तर वाळू २३ टक्के. तोलण्याआधी भिंगाखाली पाहा आणि अ‍ॅसिडचा थेंब टाका. फसफसणारे दाणे पुष्कळ असतील तर ही चुनखडीची वाळू आहे. पोताच्या नावात ती मोजतात, पण निर्णय घेताना लक्षात ठेवा: अशी जमीन द्राक्षाला लोह मिळू देत नाही आणि नवी पानं पिवळी पडतात.

काळी माती उन्हात वाळवली तरी तिच्यात वजनाच्या काही टक्के ओलावा राहतोच. नेमका आकडा हवा असेल तर १०५ अंशाला सुकवलेल्या मातीचं वजन आधार धरा. शेताच्या निर्णयासाठी एवढी काटेकोरी लागत नाही.

बाटलीतले थर: जपून वाचा

शाळेत शिकवलेली पद्धत सगळ्यांना माहीत आहे: बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, हलवून ठेवा, एका मिनिटाला वाळूची रेघ, दोन तासांनी गाळाची, दोन दिवसांनी चिकणमातीची, आणि थरांच्या जाडीवरून टक्केवारी. मुरमाड आणि पोयट्याच्या जमिनीला हे ठीक चालतं. काळ्या मातीला ते फसवतं, आणि तेही तीन कारणांनी. फुगणारे चिकण कण पाणी धरून सैल थर करतात, त्यामुळे तो थर वजनाच्या मानाने जाड दिसतो. ०.००२ मिमीच्या कणालाच १० सेंमी उतरायला २० अंशाला आठ तास लागतात. त्याहून बारीक कण दोन दिवसांतही बसत नाहीत, म्हणजे थर पूर्ण झालेलाच नसतो. आणि बोअरचं पाणी वापरलं तर त्यातले कठीण क्षार चिकण कणांना गोळा करून खाली आणतात, तेव्हा सगळंच गाळासारखं पटकन बसतं. एक चूक दुसरीला झाकते आणि आकडा बरोबर वाटतो. ही बाटली करायचीच असेल तर पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या, आणि तिच्यातली फक्त वाळूची रेघ खरी माना.

नाव ठरवणं

वाळू वजनावरून मिळाली, चिकण कण पट्टीवरून. शंभरातून दोन्ही वजा केले की गाळ. वरच्या उदाहरणात वाळू २३, पट्टी ६.५ सेंमी, म्हणजे चिकण कण ४५ च्या आसपास, गाळ ३२. चिकण ४० किंवा जास्त, वाळू ४५ पर्यंत आणि गाळ ४० च्या आत असेल तर नाव चिकणमाती. गाळही ४० किंवा जास्त असेल तर गाळयुक्त चिकणमाती. चिकण २७ ते ४० आणि वाळू २० ते ४५ असेल तर चिकण पोयटा. चिकण २० ते ३५, वाळू ४५ च्या वर आणि गाळ २८ च्या आत असेल तर वालुकामय चिकण पोयटा. चिकण ७ ते २७, गाळ २८ ते ५० आणि वाळू ५२ पर्यंत, हा खरा पोयटा. वाळू ५२ च्या वर आणि चिकण २० च्या आत असेल तर बहुतेक वेळा वालुकामय पोयटा.

बेरीज विचित्र आली, म्हणजे वाळू ६० आणि पट्टी सहा सेंमी, तर दोन्हीपैकी एक चुकलं. बहुधा वाळू. भिजवणं आणि हलवणं पुन्हा करा.

नाव मिळालं की त्याचा पहिला उपयोग पाण्याला. एकदा ओल बसल्यावर वालुकामय पोयट्यात पाणी ताशी २० ते ३० मिमी मुरतं, पोयट्यात १० ते २०, चिकण पोयट्यात ५ ते १०, चिकणमातीत अवघं १ ते ५. काळी जमीन भेगाळलेली असताना पहिलं पाणी कितीही पिते, ते पाहून पुढचं पाणी तेवढ्याच जोराने सोडलं तर सरीत डबकं साचतं. चिकणमातीत डाळिंब लावताना निचऱ्याचा विचार आधी, खड्ड्याचा नंतर. पावसाळी कांदा अशा जमिनीत गादीवाफ्यावरच.

पोत ठीक, तरी पाणी मुरत नाही

पट्टीवरून चिकण पोयटा निघतो आणि शेतात मात्र पाणी दिवसचे दिवस उभं राहतं, तर चोपणपणा, म्हणजे सोडियममुळे माती बिघडली आहे का, ते तपासा. ५ मिमीचा कोरडा खडा (मळलेला नाही, जसाच्या तसा) पावसाच्या पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा आणि दोन तास हात लावू नका. खडा ढासळून ढिगारा झाला पण पाणी नितळ, तर फक्त सेंद्रिय कर्बाची कमतरता. खड्याभोवती दुधाळ धूर पसरला तर चिकण कण आपोआप सुटे होत आहेत, म्हणजे सोडियम जास्त. अशा मातीचा सामू आणि विनिमययोग्य सोडियम प्रयोगशाळेत तपासून मगच जिप्समचा विचार करा. यातही बोअरचं पाणी वापरलं तर खारवट पाणी धूर दाबून टाकतं.

गाळ आणण्याआधी

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेपासून उन्हाळ्यात धरणातला, बंधाऱ्यातला गाळ शेतात टाकणं वाढलं आहे. मुरमाड जमिनीला तो सोनं आहे, पण सगळा गाळ सारखा नसतो. नाला जिथे पाण्यात शिरतो तिथे भरड आधी बसते; बारीक, चिकण गाळ भिंतीकडे जातो. ट्रॉली भरण्याआधी त्याच जागेची पट्टी काढा. पाच सेंमीच्या आत तुटणारा गाळ मुरमावर टाकून फारसं काही साधत नाही. आणि आधीच चिकण असलेल्या जमिनीवर चिकण गाळ टाकायचं काही कारण नाही.

हिशोबही आधीच करा. एका एकरावर १ इंच थर द्यायला साधारण ३६ ब्रास गाळ लागतो. समजा जमिनीत चिकण कण १५ टक्के आहेत, गाळात ५०, आणि तो वरच्या ८ इंचांत मिसळला. चिकण कण होतात जेमतेम १९. पट्टीत फरक दिसायला लागतो तो दोन-तीन इंचांच्या पुढे. म्हणून वाहतुकीचा दर ठरवण्याआधी घमेल्यात आपली माती आणि गाळ याच प्रमाणात, आठास एक, आठास दोन, आठास तीन असं कालवून तिन्हींच्या पट्ट्या काढा. ज्या मिश्रणाची पट्टी तीन सेंमीच्या आसपास पोचते, तेवढ्याच ब्रासची बोली करा.